भोंग्याची कुजबुज

५ फेब्रुवारी

टकळे,

त्या सकाळी मी पाणी भरून झाकून ठेवलं होतं, केर काढून झाला होता आणि धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीकडे निघाले होते. जिन्यातूनच ओरडले, "अहो, दुधाकडे बघा!" तुझे मामा फुलबाजारातून नुकतेच आले होते, बाहेरच्या खोलीत बूट काढत होते. उत्तर आलं नाही. दूध उतू गेलं. मी तणतणत खाली आले तर हे फडकं घेऊन शेगडी पुसत होते आणि भिंतीवर खडूने काहीतरी लिहून ठेवलेलं. लग्नाला जेमतेम महिना झाला होता. मला वाचता येत नाही हे मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं. समोरच्या शिंपीणबाईंना हळूच बोलावून ते वाचून घेतलं. "ज्याला बोलायचंय त्याने उठून जवळ जायचं."

शिंपीणबाईंनी माझ्याकडे पाहून चुकचुक केली. त्यांना वाटलं, पोरीच्या गळ्यात मुका नवरा बांधला. त्यानंतर वर्षभर रस्त्यात भेटले की त्या ह्यांना हातवारे करून "जेवलात का" विचारायच्या आणि हेही तेवढ्याच गंभीरपणे हातवारे करून "जेवलो" सांगायचे. मग एकदा त्या स्वतः फुलबाजारात गेल्या. फळीवर उभं राहून लिलाव पुकारणारा माणूस पाहिला आणि पिशवी तिथेच टाकून धावत घरी आल्या. "अहो, तुमचे मिस्टर बोलायला लागले!"

बाजारात त्यांना भोंगा म्हणायचे, हे तुला माहीतच आहे. पहाटेपासून उन्हं वर येईपर्यंत एकच माणूस शेकडो लोकांच्या गलबल्यावर आवाज काढतो, तो घरी येऊन मीठ मागायला आवाज कशाला खर्च करील?

तुझ्या आईचा फोन आला होता. तुझा आवाज पार बसलाय, फोन करू नकोस म्हणाली. मोबाइलवर बोटाने टोचत बसणं मला जमत नाही, म्हणून हा कागद. मामा काय काय करायचे ते सांगते, त्यातलं जमेल ते कर.

सकाळी उठून घसा खाकरायचा नाही. आधी ते जोरजोरात खाकरायचे. रंगभूमीवर गायलेल्या एक बाई त्यांच्याकडे फुलं घ्यायला यायच्या, त्या एकदा म्हणाल्या, "रोज लाथ मारून दार उघडता का हो घराचं?" तेव्हापासून बंद. खवखवलं की पाण्याचा घोट घ्यायचे. पाण्याची बाटली कायम खिशात. भांड्यातल्या गरम पाण्याची वाफ घ्यायचे, टॉवेल डोक्यावरून घेऊन. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाक मारायची नाही. जेवण वाढलं की मी झाकणावर दोनदा टकटक करायचे.

आणि गळा फारच बसला की कुजबुजायचं. कुजबुजीला आवाज लागत नाही. मामा तसंच करायचे.

जप. तिसरीची पोरं म्हणजे फुलबाजारच की.

तुझी मामी


१२ फेब्रुवारी

मामी,

तुझं पत्र वर्गात वाचलं आणि एकटीच हसत सुटले, म्हणजे बिनआवाजी. पोरांना वाटलं बाईंना उचकी लागली.

इथली तऱ्हा सांगते. माझा वर्ग रस्त्याच्या बाजूला आहे, खिडकीखाली बसगाड्यांची दुरुस्ती चालते. ठोकाठोक सुरू झाली की मी ओरडायचे, मी ओरडले की पोरं ओरडायची, पोरं ओरडली की शेजारच्या वर्गातले सर ओरडायचे, "अहो टकळीबाई, जरा हळू!" मामाने ठेवलेलं नाव त्यांना कुणी सांगितलं देव जाणे.

आता मी पितळी घंटी आणली आहे. एकदा वाजली की हात बांधून गप्प. दोनदा वाजली की पाट्या वर. फळ्यापाशी उभं राहून मागच्या बाकावरच्या पोराला हाक मारणं बंद, उठून त्याच्याजवळ जाते. सगळ्यात खोडकर पोराला वाटतं की बाई माझ्याच शेजारी जास्त असतात, म्हणजे मी लाडका. बिचारा सुधारायला लागलाय!

आणि कुजबुज! मामी, हे तर औषधच निघालं. मी पुढे उभी राहून कुजबुजत गोष्ट सांगते, तर चाळीस पोरं मान पुढे काढून ऐकतात. आता तीही आपसात कुजबुजूनच भांडतात. मोठ्या बाई दारातून डोकावल्या आणि कुणी मेलंय की काय अशा चेहऱ्याने परत गेल्या. नंतर म्हणाल्या, "असा शांत वर्ग मी तीस वर्षांत पाहिला नाही."

मला मामाचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. लहानपणी मला वाटायचं मामा घुम्या आहे. मी एवढी बडबड करायची आणि तो नुसती मान हलवायचा. तो जपून ठेवत होता, हे आता कळलं.

घरीही कुजबुजूनच बोलते, घरमालकीणबाईंशीसुद्धा. त्यांना वाटतं मी काहीतरी गुपित सांगतेय. त्यामुळे नीट ऐकतात.

तुझी टकळी


१८ फेब्रुवारी

टकळे,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा मोठ्याने. बऱ्याच दिवसांनी घरात कुणीतरी बोललं.

तू मोठ्या बाईंना गप्प केलंस हे वाचून मामा मांडीवर थाप मारून हसले असते. ते हसायचेही बिनआवाजाचे, नुसते खांदे हलायचे.

कुजबुजीचं तुला सांगते, आता तुझ्याही कामाची झाली म्हणून. लग्नानंतरचे पहिले दिवस मला फार जड गेले. माहेरी आम्ही सगळे एकाच वेळी बोलणारे, आणि इथे हा माणूस घरी आला की भिंतीसारखा गप्प. मला वाटायचं माझं काहीतरी चुकलंय. मी खिडकीत जाऊन बसायची आणि पदराने डोळे पुसायची. भिंतीवर खडूने लिहिलं, तेही मला रागाचंच वाटलं. मग एका दुपारी हे उठून माझ्या शेजारी येऊन बसले आणि कानाशी येऊन कुजबुजले, "रागावलो नाही. गळा बसलाय."

तेव्हापासून ते सुरू झालं. गळा बसला असला तरी घरात कुजबुज असायचीच. आज गुलाबाला काय भाव आला, कोण कुणाशी भांडलं, कुणाच्या टोपल्यात मधमाशी निघाली. मला वाचायला त्यांनीच शिकवलं, तेही कुजबुजून. फुलं ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून यायची ते ओले कागद मी वाळत घालायची आणि आम्ही वाचायला बसायचो. अर्धी बातमी फाटलेली असायची, पुढचं मी मनाने लावायची. आता ग्रंथालयातून अख्खी पुस्तकं आणते, तरी शेवट आधी मनाने लावून बघायची सवय गेली नाही.

मामा गेल्याला तीन वर्षं होत आली. लोक विचारतात, त्यांची काय आठवण येते? त्यांचा आवाज सगळ्या गावाने ऐकला होता. कानाशी आलेलं ते हळू बोलणं फक्त मी ऐकलं. त्याची आठवण येते.

तब्येत कशी आहे ते कळव. आवाज उघडला का?

मामी


११ मार्च

मामी,

उत्तराला उशीर झाला. सरळच सांगते, नाहीतर आई तुला फोनवर तिखटमीठ लावून सांगेल.

आवाज उघडला नाही. उलट गेल्या पंधरवड्यात कुजबुजसुद्धा फाटायला लागली. म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी नाकातून बारीक नळी घालून माझा गळा पडद्यावर दाखवला. आत दोन पट्ट्या असतात, स्वरतंतू. त्या एकमेकींवर अलगद टेकल्या की आवाज निघतो. माझ्या पट्ट्यांच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढ्या दोन गाठी आल्यात, आणि सूज आहे. त्यांनी विचारलं, "विश्रांती दिली होती का?" मी फुशारकीने कुजबुजले, "महिनाभर कुजबुजूनच बोलतेय." त्यांनी पेन खाली ठेवलं.

म्हणाल्या, अहो बाई, जोरात कुजबुजताना तुम्ही गळा आवळून वारा ढकलता. चाळीस पोरांना ऐकू जाईल अशी कुजबुज म्हणजे ओरडण्यापेक्षा वाईट. बोलायचं तर हळू, पण खऱ्या आवाजात. नाहीतर अजिबात बोलू नका.

सध्या अजिबात बोलायचं नाही. फोन नाही, कुजबुज नाही, गुणगुणणं नाही. एक तारखेला परत नळी घालून बघणार. गाठी बसायला लागल्या असतील तर हळूहळू बोलायला शिकवतील आणि शाळा परत मिळेल. नाहीतर शस्त्रक्रिया, आणि मग वर्गात उभं राहायचं की नाही ते त्या ठरवतील. मोठ्या बाईंनी माझा वर्ग घेतलाय. घंटी मी त्यांना देऊन टाकली.

मी अगदी मजेत आहे. एवढी विश्रांती जन्मात मिळाली नव्हती.

आणि एक. तू हे वाचून उगाच मनाला लावून घेशील, ते करू नकोस. तू मामाचं ऐकलेलं सांगितलंस, आणि मी त्याचा अतिरेक केला. बाकी सगळं बरोबर होतं. खाकरायचं नाही, पाणी, वाफ, जवळ जाऊन बोलणं, हे सगळं डॉक्टरीणबाईंनीही जसंच्या तसं सांगितलं. म्हणाल्या, तुमचे मामा हुशार होते.

टकळी (सध्या बंद)


१६ मार्च

टकळे,

मनाला लावून घेऊ नकोस म्हणालीस, पण मी घेतलं. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. मग विचार केला, उपाशी राहून तुझ्या गाठी बसणार आहेत का? जेवले आणि ग्रंथालयात गेले.

गळ्याच्या आजारांचं पुस्तक मागितलं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आजी, तुमचा गळा तर ठणठणीत आहे." मी म्हटलं, माझाच दगड पडलाय दुसऱ्याच्या गळ्यावर. पुस्तक जाडजूड होतं. अर्धं कळलं नाही, पण कुजबुजीचं पान कळलं. तुझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेच तिथे होतं.

मग मला राहवेना. एवढा काळजी घेणारा माणूस, पाण्याचा घोट मोजून घेणारा, त्याला हे कसं माहीत नव्हतं? सकाळी उठून फुलबाजारात गेले. ते गेल्यापासून मी तिकडे फिरकले नव्हते. फळी तिथेच आहे, आता तिच्यावर एक तरुण पोरगी उभी राहते, गळ्यात माइक अडकवून. मामांच्या जोडीला फुलं तोलणारे काटेवाले अजून काट्यावरच बसतात. मला पाहून उठून उभे राहिले.

मी विचारलं, "काटेवाले, खरं सांगा. गळा बसायचा तेव्हा हे बाजारात कुजबुजायचे ना?"

"भोंगा? कुजबुजायचा?" ते हसायलाच लागले. "वहिनी, गळा बसला की तो तोंडाला कुलूप लावायचा. बोटांनी बोली घ्यायचा, मी त्याच्या वतीने ओरडायचो. एकदा मीच कुजबुजून काहीतरी विचारलं, तर मला बोटांनीच झापलं. त्या गाणाऱ्या बाईंनी त्याला बजावून ठेवलं होतं, कुजबुज म्हणजे गळ्यावर करवत. त्याला पक्कं ठाऊक होतं."

"मग घरी का कुजबुजायचे?"

काटेवाल्यांनी वजनं पुसायला घेतली. मग म्हणाले, "मी पण त्याला हेच बोललो होतो. बाजारात एवढा जपतोस आणि घरी जाऊन सगळं घालवतोस. तर म्हणाला, काय करू, मी गप्प बसलो की ती खिडकीत जाऊन बसते."

टकळे, मी तिथल्या पालथ्या घातलेल्या टोपलीवर बसले. त्या पोरीने फळीवरून माइकमध्ये विचारलं, "आजी, पाणी हवं का?" सगळ्या बाजाराने ऐकलं.

शेवटच्या वर्षांत त्यांचा आवाज घोगरा झाला होता, आठवतं तुला? लोक म्हणायचे भोंग्याला गंज चढला. मी बाजाराला शिव्या द्यायची. त्यातलं थोडं माझ्या वाट्याचं होतं. त्यांना माहीत होतं, आणि तरी रोज येऊन कानाशी बसायचे.

रडू आलं नाही. आधी तुझ्यासाठी वाईट वाटलं, कारण ते त्यांनी गळ्यासाठी केलेलं नव्हतं आणि मी तुला गळ्याचं औषध म्हणून दिलं. मग घरी येताना रस्ताभर एकच वाटत राहिलं, केवढा माणूस होता हा! आणि मी त्याच्याशी मिठावरून भांडले.

आता तू तोंड उघडायचं नाहीस. अगदी मुंगी चावली तरी.

मामी


२२ मार्च

मामी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आमच्या मामाला आम्ही घुम्या म्हणायचो!

आता तू सगळं खरं लिहिलंस तर मीही लिहिते. मी मजेत नाहीये.

गप्प बसणं अवघड नाही, एकटीने गप्प बसणं अवघड आहे. खोलीत कुणी नसतं. खालून घरमालकीणबाईंचा रेडिओ ऐकू येतो, दुकानात पाटीवर लिहून सामान मागते, तर लोक मला बहिरी समजून मोठ्याने बोलतात. दिवसभर कसंबसं निभावतं. पण सकाळी जाग आली की आधी भीती वाटते, आवाज अजून आहे का? मग मी उशीत तोंड घालून हळूच काहीतरी म्हणून बघते. आपलं नाव, पोरांचा पाढा, काहीही. फक्त बघायला. कालही बघितला. परवाही. घोगरा, फाटका काहीतरी निघतो आणि मग दिवसभर वाटतं, आज परत बिघडवला.

डॉक्टरीणबाईंना हे सांगितलेलं नाही. एक तारीख जवळ येतेय. बोलले नाही तर धीर सुटतो, आणि बोलले तर गळा जातो. मला शिकवण्याशिवाय दुसरं काहीही येत नाही, मामी. गप्प राहून कसं जगतात ते मला येत नाही.

आई इथे यायला तयार आहे, पण तू आईला ओळखतेस. ती चोवीस तास बोलेल आणि मला उत्तर द्यावंसं वाटेल. तू येण्याचा विचारही करू नकोस. तुझे गुडघे, चार तासांची बस, आणि जिनाही उंच आहे.

नुसतं लिहून मोकळं व्हायचं होतं.

टकळी


२५ मार्च

टकळे,

तुला लिहायला बसले. बरंच लिहायचं ठरवलं होतं, पुस्तकातलं आणि माझं. सकाळी आवाज तपासून बघायचा नाही, जखमेची खपली रोज उचलून बघण्यासारखं आहे ते. जाग आली की आधी पाणी पी, मग खिडकी उघड, मग हातांना काहीतरी काम दे. तोंडाला आपोआप विसर पडतो. हे मला माहीत आहे, कारण गेली तीन वर्षं मी सकाळी उठते आणि बोलायला कुणी नसतं. पहिलं वर्ष मीही भांड्यांशी बोलून बघायची. आता नाही बोलत. घर गप्प असतं आणि मी त्यात बसलेली असते, खिडकीत जात नाही.

तुझ्या मामांना कधी कळलंच नाही की मला असं गप्प बसणं जमेल. त्यांच्या वेळी जमत नव्हतं. जमलं असतं तर त्यांचा गळा थोडा वाचला असता. आता जमतं, आणि ते असं इथे एकटीने बसून फुकट घालवायला नको, असं

इथपर्यंत लिहिलं आणि हात थांबला. समोर भिंत होती. तिला किती वेळा रंग दिला, पण त्या जागी खडूने काय लिहिलं होतं ते मला अजून वाचता येतं.

हे पत्र टपालात टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरून झाकून ठेवलं, शिंपीणबाईंकडे किल्ली दिली, बसने टकळीच्या गावी गेले, तिचा जिना चढले आणि दारावर दोनदा टकटक केली. तिने दार उघडून बोलायला तोंड उघडलं, तेव्हा मी ओठांवर बोट ठेवलं, आत गेले आणि तिच्या शेजारी बसले.